ड्वेनच्या चाकातला कॅचर

"ड्वेन, तुझ्या चाकातला तो कॅचर माझा आहे. परत देतोस का?"

व्हर्ना हुडाक हा प्रश्न विचारणारच नाही, अशी तिच्या मैत्रिणींची, आर्लीन आणि मार्सीची, खात्री होती. म्हणून तर त्यांनी तिला डिवचून डिवचून औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत धाडलं होतं, आणि स्वतः दुधाच्या क्रेटांआड दबा धरून बसल्या होत्या. ड्वेन स्ट्रिकलर म्हणजे साधी असामी नव्हे. उन्हाळ्यात त्याच्या सायकलला नुसता टेकला म्हणून त्याने एका मुलाचा खांदा निखळवला होता.

पण व्हर्नाला आता माघार नव्हती. त्या वर्षीच्या बेसबॉल कार्डांचा संच पाचशे ब्याण्णवांचा, आणि तिच्या बुटांच्या खोक्यात पाचशे एक्याण्णव होती. वसंतापासून तिने शेजाऱ्यांची पोरं सांभाळून एकेक पाकीट विकत घेतलं होतं. आतला गुलाबी च्युइंगगम चघळून तिचा जबडा दुखायला लागला होता. कंपनी कार्डं हप्त्याहप्त्याने काढायची, आणि शेवटचा हप्ता तर सप्टेंबरात आला. तोवर दुकानदारांनी फुटबॉलची कार्डं मांडलेली, त्यामुळे गिरणीच्या फाटकासमोरच्या एकाच दुकानात एकच डबा आला आणि संपला.

त्या डब्यात पाचशे सत्तेचाळीस नंबर तिला मिळाला होता. एल्वुड पिंकस, बॅटवाल्यामागे चेंडू झेलणारा राखीव कॅचर, ज्याला त्याची आईसुद्धा मैदानावर ओळखणार नाही असा. मिळालेल्या कार्डांच्या यादीवर पाचशे सत्तेचाळिसापुढे बॉलपेनची खूण होती, म्हणजे हा जादा. जादा खेळाडूची जागा सायकलच्या चाकात, हा त्या गल्ल्यांचा कायदाच होता: कपडे वाळत घालायच्या चिमट्याने कार्ड अडकवायचं की तारांवर आपटून मोटारसायकलसारखा फर्रफर्र आवाज होतो. त्याच वेळी ड्वेन दुकानाबाहेर पडला, चाकासाठी काही फालतू आहे का म्हणाला, आणि व्हर्नाने राणीच्या थाटात पिंकस त्याच्याकडे भिरकावला.

शनिवारी तिने सगळी कार्डं नंबरवार लावली. पाचशे पंचेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. सेहेचाळिसाची खूण तिनेच एक ओळ खाली केली होती, म्हणजे पिंकस जादा नव्हताच.

सोमवारी गल्लीत ड्वेनने तिचा प्रश्न ऐकला आणि सावकाश जाकिटाच्या बाह्या वर सारल्या. म्हणाला, "देतो की. नाकावर एक ठोसा खायचा. हात पाठीमागे. पडली नाहीस तर कार्ड तुझं."

"एकच?"

"तुला दोन हवेत का, राणीसाहेब?"

व्हर्नाने हात पाठीमागे घेतले. ठोसा आला तसा डोळ्यांपुढे काजवे चमकले, नाकात काहीतरी कडकन मोडलं आणि गरम रक्त ओठांवरून हनुवटीवर उतरलं. पण ती पडली नाही. एक पाऊल मागे गेली आणि तेच पाऊल पुढे आली.

ड्वेन हसला, सायकलवर टांग टाकली आणि निघाला. फर्रफर्र, फर्रफर्र.

त्या आवाजाने तिचं माथं फिरलं. ती धावली आणि फिरत्या मागच्या चाकात तिने सरळ हात घातला. तारांनी बोटांची सालटी काढली, कार्ड टरकन फाटलं, सायकल आडवी झाली आणि ड्वेन हनुवटीवर विटांच्या फरसबंदीवर आपटला. उठला तेव्हा त्याचा पुढचा दात अर्धा होता. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. तिने त्याचा पाय धरून दातांनी पोटरी फोडली. त्याने केस धरून तिचं डोकं विटांवर आदळलं, तिने मोडक्या नाकानिशी त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. तेवढ्यात आर्लीन क्रेट घेऊन धावत आली आणि ते त्याच्या पाठीत घातलं. मार्सीने दुसरं घातलं, पण घाईत ते आर्लीनलाच लागलं. शेवटी औषधवाला झाडू उगारत बाहेर आला, तेव्हा ड्वेन लंगडत, सायकल ओढत पळाला.

व्हर्नाच्या रक्ताळल्या मुठीत एल्वुड पिंकस कमरेपासून खाली होता. डोकं, आणि कार्डाच्या मागच्या बाजूच्या कोपऱ्यातला नंबर, ड्वेनच्या चिमट्यातच राहिला होता.

घरी पॉप, म्हणजे तिचा बाप, गिरणीतल्या पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता. त्याचं स्वतःचं नाक संपाच्या वेळी गिरणीच्या फाटकावर फुटलेलं, त्यामुळे त्याला या कामाचा सराव होता. त्याने तिला खुर्चीत बसवलं, दोन्ही अंगठे नाकाच्या बाजूंना लावले, आज शाळेत काय शिकवलं विचारलं आणि ती तोंड उघडणार तोच कट्टकन हाड जागेवर बसवलं. व्हर्ना किंचाळली. मा चुलीपाशी कोबी परतत होती. ती वळलीसुद्धा नाही. मुलीच्या जातीने चिठोऱ्यांपायी गल्लीत लोळावं, हे तिला समजत नव्हतं. आज रात्री ते खोकं अंगणातल्या कचऱ्याच्या पिंपात जाळणार, असं तिने कोबीला सांगितलं.

व्हर्नाने नाकात कापूस कोंबला, खोकं मांडीवर घेतलं आणि सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळिसाच्या मधे ते अर्धं कार्ड खोचलं.

"मा, खोक्याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. कापसामुळे आवाज पिंपातून आल्यासारखा येत होता. "पॉप, तूच सांग. त्याने ठोसा पुरा मारला आणि कार्ड अर्धं दिलं. हा काही व्यवहार झाला?"

पॉप म्हणाला की नाही झाला.

"मग ठरलं. उद्या शाळा भरायच्या आधी मी स्ट्रिकलरांच्या दारात जाऊन उरलेलं अर्धं मागणार आहे. आणि या वेळी हात पाठीमागे त्याचे."