मामाकडची ओळ

“राग कोनावरबी येते, पोरी. रुसता येते ते आपल्याच मान्सावर.”

तूर पाखडता पाखडता आई म्हणायची, आणि कोपऱ्यात फुगून बसलेल्या थोरल्यासाठी भाकरीचा पापुद्रा तुपात बुडवून ठेवायची. चाळीस वर्षांमागचा तो आवाज रुख्मिणीला तिवशाला माहेरच्या अंगणात आठवला. कारण त्याच थोरल्या भावानं, उत्तमरावानं, तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुसून मांडली होती. परक्या पाहुण्याला मांडतात तशी.

“बसा बाई. चहा घेता?”

“मले तुमी काहून म्हनून राह्यला?”

तो पुन्हा संत्र्यांच्या ढिगाशी बसला. मोठी एका कॅरेटमध्ये, बारीक दुसऱ्यात.

तिच्या लेकीच्या, आरतीच्या लग्नाला चार दिवस उरले होते. पत्रिकेत मामाकडची नावं जोडीजोडीनं छापली होती. चुलत, मावस, अगदी धामणगावचे दूरचेसुद्धा. सख्ख्या मामाचं तेवढं नव्हतं. तिनं फोन केले की तो उचलायचा, गोड बोलायचा, ठेवायचा. त्या गोडपणानंच तिचा जीव जळत होता.

“शिव्या दे मले, दादा. फाडून फेक ते पत्रिका.”

“काहून फाडू? चांगली छापली.”

“रुसला असशीन तं तसं सांग.”

“रुसाले काय झालं? मले काही वाईट वाटलं नाही. माह्या पोराच्या, अमोलच्या हातानं आहेर पाठवतो.”

अकोल्याहून गाडी बदलून ती भांडायला आली होती, अन् इथं भांडायला समोर कुणी सापडतच नव्हतं. ती खुर्चीवरून उठली, मातीत बसली आणि बारक्या संत्र्यांत एक मोठं टाकलं. त्यानं ते मुकाट काढलं. तिनं दुसरं टाकलं. त्यानं तेही काढलं.

“पोरगी बोहल्यावर कोनाच्या हातानं येईन?”

“हायेत ना धामणगाववाले. पत्रिकेत हाये त्याइचं नाव.”

महिनाभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज खरखरला. रुख्मिणीला धीर आला.

“प्रेसवाल्यानं इचारलं,” ती खाली बघत म्हणाली, “उत्तमरावाच्या जोडीले भावनाबाईच्या नावाआंधी काय लावू, सौ. का कै.? वयनीले जाऊन सहा मयनेबी झाले नव्हते. माह्या तोंडून निघंना. तुह्यं एकट्याचंबी लिहवंना. म्हनलं, राहू दे ते ओळ, उद्या सांगीन. उद्याबी सांगनं झालं नाही माह्याच्यानं.”

त्याचे हात थांबले. बोटांना सालीचा ओशट पिवळा रंग लागला होता; तो बोटं धोतराला पुसत राहिला, रंग निघून गेल्यावरही.

“माह्यं नाव मी धुंडलंच नाही, रुखमे,” तो म्हणाला. “तिचं धुंडत होतो. चारदा वाचली पत्रिका.”