झाकणावरचं नाव

जिवाणू वाढवायच्या प्लेटचं नाव बुडावर लिहायचं. झाकणावर कधीच नाही.

आत्याचा उजवा गुडघा.

प्रयोगशाळेची खिडकी उघडत नाही. बाहेरची हवा आत नको, म्हणून कडेने चिकटवून टाकली आहे.

पीएचडीचे मार्गदर्शक सर महिन्याभरात निवृत्त होणार.

हे सगळं एकाच बाईच्या गळ्यात पडलं. ती विद्यापीठात जिवाणूंवर पीएचडी करत होती, पाचवं वर्ष. सोबत पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकलं घ्यायची. पोरं तिला पाठीमागे झाकणबाई म्हणत, कारण प्रत्येक तासाला एकच पालुपद: "बुडावर लिहा! झाकणं फिरतात, बुडं फिरत नाहीत."

मंगळवारी एकीने दोन प्लेटा पाडल्या. झाकणं टेबलाखाली गडगडत गेली.

"बाई, आता कुठलं कुणाचं?"

"देवालाही सांगता येणार नाही. फेक दोन्ही."

दुपारी झाकणबाई प्रबंधाची पानं तपासायला बसली. शुक्रवारी जमा करायचा होता. पहिल्याच प्रकरणात तिच्या लाडक्या जिवाणूचा फोटो, झाकणासकट, वरून काढलेला. त्यावर तिच्याच अक्षरात 'सतरा', स्वच्छ, सरळ.

सरळ?

बुडावर लिहिलेलं वरून पाहिलं तर उलटं दिसतं. म्हणजे हे नाव झाकणावर होतं.

सतरा नंबरचा हा जिवाणू नाल्याच्या चिखलातून काढलेला. त्या दिवशी त्याच्या शेजारी तुलनेसाठी विभागाच्या संग्रहातली जिवाणूची जुनी जात ठेवली होती, कित्येक वर्षं फ्रीजरमध्ये पडून असलेली, सगळ्यांना पाठ असलेली. ओळख पटवायला नमुना गेला तो या फोटोच्या आधी. नंतर दोघांच्या झाकणांची अदलाबदल झाली असेल, तर पुढचं सगळं काम चुकीच्या प्लेटमधून झालं होतं. तिने तातडीने जनुक तपासणी करून घेतली. गुरुवारी सकाळी निकाल आला: सतरा म्हणजे जुनी जातच. चार वर्षं तिने घरच्याच माणसाचं पाहुणा म्हणून कौतुक केलं होतं.

सरांनी निकाल वाचला आणि उठून दार लावलं.

"कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग झालं तर. उद्या जमा कर."

"सर, खोटं आहे ते."

"चूक आहे. खोटं आणि चूक यात फरक असतो."

"कालपर्यंत चूक होती."

सर चिकटवलेल्या खिडकीकडे वळले. "दोन शोधनिबंध छापून आलेत, दोन्हींवर माझं नाव. जाता जाता तोंड काळं करून जाऊ? आणि तू? शिष्यवृत्ती संपली तुझी. पुन्हा पाच वर्षं कोण देईल?"

तिने निकालाचा कागद उचलला आणि ती बाहेर पडली.

संध्याकाळी आत्याचा फोन.

"झालीस का डॉक्टर?"

"उद्या कागद द्यायचेत."

"मग रविवारी गुडघा बघ माझा."

"आत्या, मी तसली डॉक्टर नाही गं."

"मग कसली? पाच वर्षं काय माशा मारल्यास?"

"माशा नाही. त्याहून बारीक."

आत्या खो खो हसली. झाकणबाईलाही हसू आलं.

शुक्रवारी तिने वर्गाच्या पडद्यावर तोच फोटो लावला. हात एप्रनच्या खिशात घातले.

"काय चुकलंय?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "अक्षर सरळ दिसतंय. म्हणजे झाकणावर लिहिलंय."

"मग काय करायचं?"

"फेकायची! तुम्हीच सांगता ना." पोरं खिदळली. "कुठल्या गाढवाची आहे, बाई?"

"माझी," ती म्हणाली. "माझ्या प्रबंधातली आहे."

काचेच्या दारापलीकडे सर उभे होते. ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

न बदललेल्या प्रबंधावर त्यांची सही सकाळी नऊलाच झाली होती; जमा करणं तेवढं बाकी होतं.