भीमाप्पांच्या घरातल्या चपला

मी चपलांचा एक जोड बोलतोय. दुकानाच्या काचेत मांडतात तसला नव्हे. काळा, रुंद, मऊ रबराचा, पट्ट्यांनी आवळायचा. दिसायला मी काही देखणा नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत रवळू मेस्त्रीनं मला घडवलं, भीमाप्पांच्या पावलांच्या मापावर. भीमाप्पा मच्छे गावच्या एका फौंड्रीतून, लोखंड ओतायच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले. साखरेचा आजार जुना. पाय इतके बधिर झालेले की दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तळव्याला टोचलं तरी त्यांना कळलं नाही. "आता घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही," असं बजावून बाईंनी मला त्यांच्या हाती दिलं.

घरी येताच भीमाप्पांनी मला खाटेखाली ढकललं.

"आप्पा, घाला की," त्यांचा मुलगा यशपाल म्हणाला.

"लंगड्याचं पायताण हाय ते. मी न्हाय घालायचा."

खाटेखालून मला त्यांचे पाय तेवढे दिसायचे. तानीबाई, त्यांची बायको, पावसाळ्याआधी वारली होती. ते पाय सकाळी जमिनीला टेकायचे आणि तिथंच राहायचे. यशपाल कामावर गेला की चूल थंड. भाकरी झाकलेली तशीच, गोळ्या तशाच. बाहेर जायचं झालं तर मात्र पॉलिश केलेले चामडी बूट. दवाखान्यात एकदा बाई रागावल्या म्हणे, "ऐकत नाही तुम्ही, पाय कापायला लागेल मग कळेल!" त्या दिवसापासून भीमाप्पांनी दवाखानाच सोडला.

मग एका दुपारी यशपालला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. बुटात खिळा वर आला होता आणि भीमाप्पा त्यावर चालत होते, कुणास ठाऊक कधीपासून. जखम चिघळली होती. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

यशपालनं मला पिशवीत घातलं, बापाला गाडीवर बसवलं आणि दवाखाना गाठला. जखमेवर पट्टी झाल्यावर बाई या वेळी रागावल्या नाहीत. "आता आमच्याकडं समुपदेशनाला सुविधाताई बसतात, शेजारच्याच खोलीत. साखरेच्या प्रत्येक पेशंटशी त्या बोलतात. दोन मिनिटं भेटून जा."

"दुखणं पायाचं हाय. मला काय याड लागलंय व्हय?" भीमाप्पा तिथंही चिडलेच.

"पायाचंच बोलू, अण्णा," सुविधाताई म्हणाल्या. मला पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. माझ्यासारख्याला टेबलावर कोण ठेवतं! "ह्या का नाही घालत?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घाला, एवढंच सगळे सांगत होते.

भीमाप्पांनी माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझा बा गावातल्या मोठ्या गल्लीतनं जाताना चपला हातात घिऊन जायाचा. पायात घालायची सोय नव्हती आमाला. मी पयल्या पगाराला बूट घेतला. तानी म्हनायची, बूट घातला की सायेब दिसतासा. आता बघायला कोन हाय? आन् घरात तिचा फोटो, बुद्धाची मूर्ती. तितं पायताण घालून फिरू?"

आणि मग तो फौंड्रीतला दणकट माणूस हमसून हमसून रडला. सुविधाताईंनी त्याला रडू दिलं.

नंतर बाई आणि सुविधाताई एकत्र बसल्या. साखर, झोप, जेवण, मन, सगळ्याचा एकत्र विचार झाला. बाहेरसाठी रवळू मेस्त्रीनं काळे बूट शिवले, आतून माझ्यासारखेच मऊ. मी फक्त घरातला झालो. मला रस्त्याची धूळ लागू द्यायची नाही, असं ठरलं. तानीबाईंनी लावलेल्या अबोलीच्या रोपाला सकाळी पाणी घालायचं, मग न्याहारी, मग गोळी. सुरुवात एवढीच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पायाची करंगळी गेली, ती वाचली नाही. मध्ये काही आठवडे भीमाप्पा पुन्हा खाटेवरून उठेनात. सुविधाताईंचा फोन यायचा, "अण्णा, आज अबोलीला पाणी?" कधी "व्हय" यायचं, कधी नुसता श्वास. पण पाय राहिला, आणि हळूहळू त्या पायात चाल आली.

आता माझी टाच झिजलीय. नवा जोड तयार आहे. उद्या-परवा मी निघेन. तक्रार नाही. निघण्यापूर्वी एवढंच सांगतो: आजारी माणसाला माझ्यासारखं काही द्याल, गोळी द्याल, पथ्य सांगाल, तेव्हा त्याच्याजवळ थोडं बसा.

आज सकाळी भरमू आलाय. भीमाप्पांचा फौंड्रीतला जोडीदार. त्यालाही साखर, आणि तो इंजेक्शन घेत नाही म्हणून त्याच्या सुनेनं त्याला इकडं धाडलंय. भीमाप्पांनी बिनसाखरेचा चहा पुढं केला. इंजेक्शनाचं नावही काढलं नाही.

"घरात कसं चाललंय रं, भरमू?"

भरमू खाली बघतोय. चहावर साय धरलीय. भीमाप्पांचे पाय माझ्यावर शांत टेकलेले आहेत. त्यांना कुठंच जायची घाई नाही.