दुसरी नर्स पाठवा

ज्यांचं दुखणं बरं होणार नाही अशा रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं काम. नातेवाइकांना कसं वागावं हेही मीच शिकवते. "तुम्ही नर्स होऊ नका, मुलगी म्हणून बसा," हे हैदराबादेत कुकटपल्लीपासून बरकतपुऱ्यापर्यंत इतक्या घरांत सांगितलंय की ते मला येतं असाच माझा समज होता.

मग विद्यानगरला आमच्याच घरी आई अंथरुणाला खिळली. कर्करोग यकृतात पोचला होता. उपचार थांबवायचं तिनंच ठरवलं. मी रजा घेतली आणि घराचा वॉर्ड करून टाकला. तिची कूस बदलायच्या वेळांचे मोबाईलवर गजर लावले. ती "दुखतंय गं" म्हणाली की मी विचारायची, "शून्य ते दहामध्ये किती?"

"अकरा," आई एकदा वैतागून म्हणाली.

मी ताबडतोब डॉक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, "ही नर्स मला नक्को. दुसरी पाठवा."

"आई, मी तुझी मुलगी आहे."

"मग ती कुठंय? मी तिची वाट बघतेय. येते ती ही बाईच, हातमोजे घालून. माझ्याकडं वेळ कमी आहे, निशे."

म्हणून त्रिवेणी आली. तिला मीच तयार केलेलं. "अक्का, जरा बाहेर बसता का?" तिनं माझ्याच सुरात विचारलं. मी बाहेर जाऊन दाराला कान लावला. असे कान लावणाऱ्या नातेवाइकांची नक्कल मी प्रशिक्षणात करते. सगळे खूप हसतात.

ती बाहेर आल्यावर मॉर्फिनचा डोस विचारला. पुन्हा विचारला. मग शब्द फिरवून तिसऱ्यांदा.

शेवटी तिच्यामागे खाली गेले. नव्या मुलींना मी बजावते, हेल्मेट लगेच घालू नका, घरच्यांचा खरा प्रश्न स्कूटरपाशीच येतो. त्रिवेणी हेल्मेट हातात धरून उभी होती.

"किती दिवस गं?"

"तुम्हाला काय वाटतं, अक्का?"

हे उत्तर माझंच. मला त्याचा अभिमान होता. ऐकणाऱ्याच्या जागेवरून फार संतापजनक आहे.

"थोडेच," मी म्हणाले, आणि वॉचमनदेखत रडले. त्रिवेणी हेल्मेट सीटवर ठेवून माझ्या शेजारी उभी राहिली. तेही मीच शिकवलेलं.

तोंड धुऊन वर आले.

"काय म्हणाली ती?" आईनं विचारलं.

"ठीक आहे म्हणाली. दोन घास जास्त खाल्लेस तर सुधारशील." असं बोलणाऱ्या घरच्यांसाठी माझ्याकडे एक अख्खं व्याख्यान तयार आहे.

आई हसली, हसता हसता खोकली. "खोटं बोलताना अजून नाक ओढतेस, शाळेत असल्यासारखी. आलीस का बाई एकदाची? बस इथं. डोक्याला तेल लाव."

मी बाटली घेतली. दुसरा हात सवयीनं हातमोज्यांच्या डब्याकडे गेला. आई बघत होती. मी डबा पायानं पलंगाखाली सारला आणि तळहातावर तेल घेतलं. तिचे केस फारच विरळ झाले होते. मी हळूहळू चोळत राहिले. आईनं डोळे मिटले.

तेवढ्यात कूस बदलायचा गजर वाजला.

"ती बाई आली वाटतं," डोळे न उघडता आई म्हणाली. "सांग तिला, माझी लेक आलीय."

मी तेलकट बोटानंच गजर बंद केला.