आडनाव परदेशी, गाव खापा

मी एक रबरी शिक्का. लाकडी मूठ, तळाला उलटी अक्षरं आणि अंगाला कायम जांभळी शाई. नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानात मला घडवलं. माझ्यावर खरं तर ‘परदेशी विद्यार्थी’ असं यायचं होतं. पण जागा पुरेना, म्हणून कारागिराने ‘विद्यार्थी’ उडवला. मग नुसता ‘परदेशी’ होऊन मी तिथल्याच एका विद्यापीठाच्या प्रवेशखिडकीत आलो.

माझे मालक बळीरामभाऊ. अर्ज घेताना मान वर करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. गेल्या जुलैत, प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, खिडकीत एक मुलगी आली.

“नाव?”

“परदेशी, उन्नती.”

ठप्प! भाऊंनी मला तिच्या अर्जावर आपटलं. “व्हिसा दाखव.”

“कायचा व्हिसा काका? मी खाप्याची आहो! परदेशी माहं आडनाव आहे.”

तिने आधार कार्ड पुढे केलं. भाऊंनी चष्मा सावरून वाचलं. “मंग याच्यावरबी लिहूनच आहे ना, परदेशी!”

मला हसू आवरेना. तिचे मात्र डोळे भरून आले. पाचला खिडकी बंद झाली की तिची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नंबराला जाणार होती, आणि पावणेपाच वाजले होते. मग मलाच माझी लाज वाटली.

तिच्या मागे जुमा उभा होता. मूळचा टांझानियाचा, चार वर्षं इथे शिकून आता पुढचा प्रवेश घ्यायला आलेला. तो खिडकीत वाकला.

“काहून तरास देऊन राहिले गा भाऊ पोरीले? ‘आहो’, ‘माहं’ असं कोण्या परदेशात बोलते?”

सगळी रांग खो-खो हसली. भाऊंनी वर पाहिलं आणि साक्ष कोण देतंय ते बघून पार ओशाळले. त्यांनी माझ्या ठशावर काट मारली, शेजारी सही केली. उन्नतीचा प्रवेश झाला.

मग जुमाचा अर्ज. भाऊंनी मला उचललं खरं, पण हात अडला.

“मारा भाऊ,” जुमा म्हणाला. “आडनाव तिचं, शिक्का माहा.”

तो हसत होता. मला हसता आलं नाही. उमटलो, कारण ते माझं कामच.

उन्नती बाहेर थांबली होती. “चाला जुमाभाऊ, तर्रीपोहे खाऊ. मले लय भूक लागली.” दोघं बोलत निघून गेले.

आता माझ्या कडा झिजल्यात, ‘प’चा पाय तुटलाय. जाता जाता एकच मागणं आहे. अर्जावर मला खुशाल मारा. पोह्यांच्या ठेल्यावर मात्र सोबत नेऊ नका.