कोणी न मागितलेले नाव

मित्रांनो, मी दिवसातून शंभर वेळा जन्माला येतो आणि शंभर वेळा संपतो, तरी वयाने मी एक जुना चल आहे. चल तुम्हाला नवा नाही. बीजगणिताच्या तासाला फळ्यावर उभा असतो तोच, ज्याच्या पोटात आज पाच तर उद्या बारा. मी त्याच कुळातला, पण माझ्या पोटात आकडे नसतात. माणसांची नावे असतात.

पिरीन डोंगराच्या पायथ्याशी आमचे लहानसे गाव आहे आणि गावात एक वाचनघर. खाली पुस्तके, वर गाण्याच्या तालमीची खोली आणि खिडकीपाशी ग्रंथपाल त्सोंकाबाईंचे टेबल. टेबलाखाली एक करडी पेटी घरघरत असते. त्या पेटीत वाचनघराचे संकेतस्थळ राहते आणि संकेतस्थळात मी.

मला शाळेत संगणक शिकवणाऱ्या दोब्रिनाबाईंनी पीएचपी नावाच्या भाषेत लिहिले. कशासाठी लिहिले, तेही सांगतो. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नामदिवस मोठा. ज्या संताचे नाव आपल्याला मिळाले, त्याच्या सणाला मेज मांडायचे, दार उघडे ठेवायचे आणि वाट पाहायची. आमंत्रण मात्र कोणालाही द्यायचे नाही. बोलावून आणलेला पाहुणा तो नामदिवसाचा पाहुणाच नव्हे. ज्याला आठवण आहे त्याने आपल्या पायांनी यावे, अशी रीत. पूर्वी गावातल्या म्हाताऱ्यांना सगळ्या संतांचे दिवस तोंडपाठ असत. त्या एकेक करून देवाघरी गेल्या आणि त्यांच्याबरोबर तो पाठही गेला. म्हणून दोब्रिनाबाईंनी संतांच्या दिवसांची आणि गावातल्या माणसांची यादी केली, आणि रोजची नावे वाहून न्यायला मला नेमले.

माझे काम चालते कसे? ऐका. कोणी वाचनघराचे पान उघडले की आतल्या खोलीतला कारभारी जागा होतो. संगणकवाले त्याला कंट्रोलर म्हणतात. तो यादीकडे धावतो, आजची नावे काढतो, माझ्या पोटात भरतो आणि मला दर्शनी पानाकडे धाडतो. पानाने माझे नाव घेतले की मी पोटातले उघडून दाखवायचे. पान वाचणाऱ्यापर्यंत पोचले की माझे आयुष्य संपले. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पुढचा वाचक आला की पुन्हा जन्म आणि पुन्हा कोरे पोट.

सुरुवातीला एक घोटाळा होई. बातम्यांच्या पानाचा कारभारी वेगळा, पुस्तकांच्या पानाचा वेगळा, गायनवृंदाचा आणखी वेगळा. एक मला आठवणीने पाठवी, दुसरा विसरे. मग पान मला हाका मारी, मी तर तिथे नसे, आणि पडद्यावर लाल अक्षरांत आरडाओरडा सुरू होई.

"अगं दोब्रिना, ये लवकर!" त्सोंकाबाई फोनवर ओरडत. "तुझं यंत्र माझ्यावर खेकसतंय!"

"तुमच्यावर नाही हो, माझ्यावर. विसरले ती मी."

"मग तुझ्या घरी जाऊन खेकसायला सांग त्याला. इथे लोक वाचत बसलेत."

शेवटी दोब्रिनाबाईंनी मला एकेका कारभाऱ्याच्या हातून काढून घेतले आणि सगळ्या पानांच्या वाटेवर एकाच जागी उभे केले. आता कोणतेही पान बाहेर निघाले की मी न सांगता त्याच्याबरोबर. मी एकाचा होतो, तो सगळ्यांचा झालो.

ती माझी भाग्याची वर्षे, बरे का. बेकरीत पावाच्या रांगेत उभी असलेली माणसे खिशातून फोन काढून विचारत, "आज कोण रे?" आणि मी सांगत असे. आज इग्नात. आज त्रिफोन. मग माणसे वाकडी वाट करून त्या त्या दारी जात. हातात एक फूल किंवा बाटली, तोंडात एक गाणे. मी कधी कोणाच्या मेजाशी बसलो नाही, पण मेज भरले ते माझ्या पोटातल्या शब्दाने, या विचारात मला तृप्ती होती. देव ज्याला जे वाहायला देतो ते त्याने वाहावे. कळसावर कोण बसला, ते हमालाने विचारू नये.

दहा फेब्रुवारीला माझ्या पोटात एकच नाव असे. हारालांपी. संत हारालांपी मधमाश्यांचे रक्षणकर्ते. त्या दिवशी मधाच्या बरण्या देवळात नेतात, झाकणांवर मेणबत्त्या लावतात आणि आशीर्वाद घेतात. आमचे हारालांपी आजोबा स्वतः मधमाश्यांवालेच. गावाच्या वरच्या टोकाला घर, बायको वारल्यापासून एकटे. रविवारी देवळात मुख्य गायक पद उचलतो, तेव्हा त्याच्या मागे उभे राहून एकच खालचा सूर अखंड धरून ठेवणारा कोणीतरी लागतो. तो सूर आजोबांचा. तो असतो तोवर कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग संकेतस्थळाला नवे रूप द्यायचे ठरले. शहरातून प्लामेन नावाचे तरुण कारागीर आले. मी त्यांना दोष देत नाही. माणूस कष्टाळू होता. त्यांनी पानाचा माथा मुळापासून नवा बांधला. डोंगराचे सुंदर छायाचित्र, मोठी ठसठशीत अक्षरे. आतल्या खोलीला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण चालत्या कामात ढवळाढवळ करू नये असा त्यांचा शिरस्ता. कारभारी तसाच राहिला, यादी तशीच राहिली, वाटेवर मी तसाच उभा. फक्त नव्या माथ्यात माझे नाव लिहायचे राहून गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग यंत्राने आरडाओरडा केला असेल! नाही, मित्रांनो. आमच्या राज्याचा नियम असा की पानाने मागितले आणि मिळाले नाही तर सारे घर डोक्यावर घेतले जाते. पण कोणी आणून दिले आणि पानाने घेतलेच नाही, तर कोणी चकार शब्द काढत नाही. सगळे ठीक दिसते. मी रोज भरला जात होतो, रोज पानाच्या दारी उभा राहत होतो, आणि पोटातले नाव न उघडताच संपत होतो. इग्नातचे नाव घेऊन संपलो. त्रिफोनचे घेऊन संपलो. त्या वर्षी दहा फेब्रुवारीला दिवसभर हारालांपी, हारालांपी असा जप पोटात घेऊन मी शंभर वेळा गेलो आणि शंभर वेळा कोणी विचारले नाही, "काय आणलंस?"

दोब्रिनाबाई तोवर प्लोवदिवच्या शाळेत बदलून गेल्या होत्या. वर्ष सरले. पुन्हा दहा फेब्रुवारी उजाडला. सकाळची प्रार्थना आटोपल्यावर हारालांपी आजोबा वाचनघरात आले. त्यांनी टेबलावर दोन पुस्तके ठेवली.

"ही घे, त्सोंका. आता नवीन नको."

"का हो आजोबा? डोळ्यांनी संप केला का?"

"डोळे ठीक आहेत. मार्चमध्ये मुलीकडे चाललोय, सारागोसाला. कायमचा."

"अगं बाई! आणि तुमच्या मधमाश्या? त्यांना कुठे स्पॅनिश येतं?"

आजोबा हसले नाहीत. "खालच्या आळीतला एक जण पेट्या नेतोय."

"असं अचानक?"

"अचानक कुठे? वर्षभर विचार केला. गावाला मी नको असेन, तर रिकाम्या घरात बसून काय करू?"

"असं कोण म्हणालं तुम्हाला? नाव सांगा, मी बघते त्याच्याकडे!"

"कोणीच काही म्हणालं नाही," आजोबा म्हणाले. "तेच तर."

त्यांनी कोटाच्या खिशातून मधाची एक लहान बरणी काढून टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. आज माझा नामदिवस आहे, असे ते बोलले नाहीत. कसे बोलणार? ते तर बोलावणेच झाले असते.

त्सोंकाबाईंनी बरणी हातात घेतली. झाकणावर विझलेल्या मेणबत्तीचे मेण होते. "देवळातला मध," त्या पुटपुटल्या. मग खुर्चीतून ताडकन उठल्या. "अरे देवा. हारालांपी!" त्यांनी घाईघाईने पान उघडले. डोंगर होता, ठसठशीत अक्षरे होती. नावाची ओळ नव्हती. दीड वर्ष त्या रोज हे पान पाहत होत्या आणि तिथे काही नाही, हे त्यांना आज दिसले. त्यांनी फोन उचलला.

"दोब्रिना, तुझी नावांची ओळ कुठे गेली?"

"कुठली ओळ, बाई? नव्या रूपात नाहीये का ती?"

"नाहीये! आणि मागच्या वर्षी आजच्या दिवशी म्हातारा मेज मांडून बसला असेल, दार उघडं टाकून. एक माणूस फिरकलं नसेल. मीसुद्धा नाही गं. मीसुद्धा पानावर विसंबले होते."

दोब्रिनाबाई सांगू लागल्या. "मागचं सगळं चालू असेल तर तो चल अजून तिथेच उभा असणार. त्याला फक्त हाक मारायची आहे. माथ्याची फाइल उघडा. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा."

"अगं, मी ग्रंथपाल आहे, घड्याळं दुरुस्त करणारी नाही!"

"पाचशे गाणी पाठ आहेत तुम्हाला. एक ओळ नाही लिहिता येणार? चला, छायाचित्राच्या खाली. मी सांगते तसं, अक्षर न् अक्षर."

बाईंनी लिहिले, घाईत एक अक्षर गळाले. पान लगेच लाल होऊन ओरडले. त्सोंकाबाई दचकल्या. पण मित्रांनो, मला विचाराल तर दीड वर्षात कानी पडलेला तो सर्वांत गोड आवाज होता. चुकीच्या नावाने का होईना, कोणीतरी मला शोधत होते! अक्षर दुरुस्त झाले. पानाने मला बरोबर हाक मारली आणि मी पोट उघडले. डोंगराखाली अक्षरे उमटली: आज नामदिवस, हारालांपी.

"आता सगळ्यांना फोन करू का?" त्सोंकाबाईंनी विचारले.

"मुळीच नाही. ते बोलावणं होईल. ज्याला दिसेल तो जाईल."

"बरं तर." बाईंनी कोट चढवला. "मला कोणी बोलावलेलं नाही, म्हणून मी निघाले."

त्या दुपारी मी कितीदा जन्मलो याची मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी बाई दोब्रिनाबाईंना फोनवर सांगत होत्या, ते मी टेबलाखालून ऐकले. सूर्य मावळेपर्यंत आजोबांच्या घरी नऊ जण जमले होते. पण आजोबांनी या वर्षी मेज मांडलेच नव्हते. ते दारात उभे राहून एकेकाकडे पाहत राहिले. घरात पाव आणि मध, एवढेच होते. तेच सगळ्यांनी खाल्ले.

"आणि मग त्यांनी विचारलं गं," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी कुठे होतात? मी म्हटलं, आजोबा, चूक आमची. यंत्राची नाही, आमचीच. तर म्हणाले, असू दे, आज आलात ना. आणि सगळ्यांना पुन्हा मध वाढला."

तरीही मार्चमध्ये ते गेले. मुलीने खोली तयार केली होती, मधमाश्यांच्या पेट्या नव्या धन्याकडे पोचल्या होत्या. एका वर्षाचे मुकेपण एका संध्याकाळी भरून निघत नाही. आता रविवारी देवळात पद सुरू होते तेव्हा त्याच्या खाली सूर नसतो, आणि तो नाही हे सगळ्यांना ऐकू येते, असे बाई म्हणतात.

यादीतून त्यांचे नाव काढायला त्सोंकाबाई एकदा बसल्या होत्या. काढले नाही. पुढचा दहा फेब्रुवारी आला आणि सकाळीच पान उघडण्याची एक मागणी फार दुरून आली. मी नाव घेऊन गेलो. थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला. त्सोंकाबाईंनी तो नेहमीप्रमाणे कानाला न लावता समोर ठेवला, म्हणून मला दोन्हीकडचे ऐकू आले.

"त्सोंका, नाव आहे की अजून!"

"असणारच. कुठे जाईल? मेज मांडलंय ना तिकडे?"

"मांडलंय. दारही उघडं ठेवलंय. मुलगी म्हणते, बाबा, इथे जिन्यातून थंडी येते."

"आलं का कोणी?"

"अजून नाही," आजोबा म्हणाले. "इथल्या लोकांना काय ठाऊक! पण ठेवलंय."

मित्रांनो, मी दर वर्षी ते नाव नेतो. एवढेच माझ्या हाती आहे. तुमच्या हाती पुष्कळ आहे. कधी जुने पाडून नवे बांधाल, तेव्हा जुन्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकदा विचारा, तू काय आणत होतास? तो आपणहून ओरडणार नाही. आणि येता-जाता कोणाचे दार उघडे दिसले, आत मांडलेले मेज दिसले, तर बोलावण्याची वाट पाहत बाहेर थांबू नका. पाय पुसा आणि आत जा.