अठ्ठावन्न पायऱ्यांवरची खिडकी

चौतीस वर्षं लोकांना वर पोचवण्यात गेलेल्या माणसाच्या वाट्याला स्वतःचं घर मात्र तळमजल्यावर आलं होतं. त्या घराला धड एकच खिडकी, आणि तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. भिंतीवर एक पाइप होता. तो कधी गळायचा, कधी गळायचा नाही. बघण्यासारखं एवढंच. ह्या गृहस्थांना सगळे लिफ्टवाले म्हणत, कारण ते बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करत. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला शब्द दिला होता, की एक दिवस तुला अशा घरात नेईन, की खिडकी उघडली की लांबवर दिसेल. बायको तेव्हा शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "बरं."

शब्द पाळायला निवृत्ती उजाडली. शहराबाहेर एका टेकडीच्या उतारावर जागा मिळाली. खाली तळं, तळ्यावर रेल्वेचा पूल, पलीकडे डोंगरांच्या तीन रांगा. लिफ्टवाले इतके हरखले, की जागा बघायला गेले आणि टोपी तिथेच विसरून आले. आर्किटेक्ट घरचाच होता, बहिणीचा मुलगा. तो मामांना घाबरत नसे, ही त्याची जमेची बाजू.

"मामा, नजारा झकास आहे," भाचा म्हणाला. "पण खिडकी येतेय पश्चिमेला. दुपारी घराची भट्टी होईल."

"पडदे लावू."

"मग दिसणार काय?"

"पडदे."

भाच्याने कागदावर काहीतरी खोडलं. "पाणी वर चढवायला पंप लागेल. गॅसवाला वर येणार नाही. आणि रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्या होतायत अठ्ठावन्न."

"एवढ्याच ना?" लिफ्टवाले म्हणाले.

इथे त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. लोकांना वाटतं, लिफ्टच्या मेकॅनिकचा जन्म लिफ्टमध्ये जातो. तो जातो जिन्यात. मेकॅनिकला बोलावतात ते लिफ्ट बंद पडल्यावर, आणि बंद पडलेल्या लिफ्टने कोणी वर जात नाही. हातात बारा किलोची हत्यारांची पेटी घेऊन ते चौतीस वर्षं नवव्या, अकराव्या, चौदाव्या मजल्यावर चालत गेले होते. अठ्ठावन्न पायऱ्या म्हणजे त्यांच्या हिशेबी उंबरठा.

बायकोच्या गुडघ्यांचं काय, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. तळमजल्यावरच्या बाईचे गुडघे कामातून गेलेत हे घरच्यांना कळणार तरी कसं? त्या घरात पायरीच नव्हती. बांधकाम चालू असताना तिला दोनदा आणलं, पण वर वाळू आणि सळ्या पडल्या होत्या म्हणून रस्त्यावरूनच घर दाखवलं. ती मान वर करून म्हणाली, "उंच आहे." लिफ्टवाल्यांना ती तारीफ वाटली.

राहायला आले त्या दिवशी बायको तेविसाव्या पायरीवर बसली. तिथून तिला सामानाचा टेम्पो दिसत होता. लिफ्टवाले वरून खाली आले, पुन्हा वर गेले, पाणी घेऊन खाली आले.

"अजून पस्तीसच आहेत," ते म्हणाले.

"तुम्ही मोजा," ती म्हणाली. "मी इथून परत जाते."

ती एकेक पायरी बसत बसत खाली उतरली. रस्त्याला लागून गाडी ठेवायची जागा होती आणि तिच्या मागे एक खोली. गाडी नव्हतीच. तिने खोलीत शिवणयंत्र मांडलं, पलंग मांडला, खिडकी उघडली. समोर शेजाऱ्याची भिंत होती. भिंतीवर पाइप होता.

"अगं, इथे कशी राहणार तू?" लिफ्टवाले कळवळून म्हणाले.

"सवयीचं आहे."

मग लिफ्टवालेही जेवायला खाली, झोपायला खाली. वर राहायला पडदे होते. रोज संध्याकाळी ते एकटेच वर जात, पडदे बाजूला सारत आणि बायकोला फोन लावत.

"पुलावरून गाडी चाललीय. अकरा डबे."

"बरं."

"मागचे डोंगर जांभळे झालेत."

"माझ्याकडे गॅसवाला आलाय, ठेवते."

तीन महिने हे असंच चाललं. एका संध्याकाळी तळ्यावर पक्ष्यांचा भलामोठा थवा उतरला. लिफ्टवाल्यांनी फोन उचलला आणि परत ठेवला. सांगून काय होणार होतं? त्यांना एकदम फार वाईट वाटलं. आपण शब्द दिला होता तिला, आणि पाळला स्वतःसाठी, हे त्यांना अगदी स्वच्छ कळलं. ते पडदे न लावताच खाली गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला बोलावलं. शहरातली एक जुनी इमारत पाडली जात होती. तिची लिफ्ट लिफ्टवाल्यांच्या हाताखालची, दोन्ही बाजूंना सरकत्या जाळ्यांची. लिफ्टमनच्या लाकडी स्टुलासकट ती ते उचलून आणणार होते.

भाच्याने टेप लावून सगळीकडे मापं घेतली. घराच्या मागे कातळ होता, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या हद्दी. तो डोकं खाजवत परत आला.

"मामा, एकच जागा आहे. पुढे. बरोब्बर खिडकीसमोर."

लिफ्टवाले उठून खिडकीपाशी गेले.

"खिडकीतून मग लोखंडी सांगाडा दिसेल. दोर दिसतील. लिफ्ट खाली गेली की तिला तोलून धरणारं लोखंडी वजन वर येईल, ते दिसेल. तळं नाही दिसणार. एवढं घर बांधलंत कशासाठी मग?"

लिफ्टवाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पुलावर गाडी नव्हती.

"काढ नकाशा," ते म्हणाले.

दोन महिन्यांत लिफ्ट उभी राहिली. वरचं काम भाच्याच्या माणसांनी केलं. मोटर, दोर आणि जाळ्या यांना मात्र लिफ्टवाल्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. आधी लिफ्टमध्ये विटा भरून तिला वीस वेळा वरखाली नेलं. मग हत्यारांची पेटी आत ठेवून स्वतः गेले. मग खाली येऊन खोलीचं दार वाजवलं.

बायको पदर सारखा करून आली आणि लिफ्टमनच्या स्टुलावर बसली. लिफ्टवाल्यांनी जाळी ओढली, बटण दाबलं. रस्ता खाली गेला. शेजाऱ्याची भिंत खाली गेली, तिच्यावरचा पाइपही गेला. मग भिंत संपली आणि जाळीपलीकडे सगळं एकदम उघडं झालं: तळं, पूल, डोंगरांच्या तिन्ही रांगा.

घराच्या दारापासून दोन हात खाली लिफ्ट थांबली.

बायको समोर बघत राहिली. बराच वेळ. मग हळूच म्हणाली, "अडकली का?"

लिफ्टवाल्यांचं बोट लाल बटणावर होतं. ते तिने बघितलं होतं, आणि तिने बघितलंय हे त्यांनीही बघितलं होतं.

"अडकली," ते म्हणाले.

"मग मेकॅनिकला बोलवा."

"बोलावलाय. पण तो जिन्याने येणार. अठ्ठावन्न पायऱ्या आहेत."

"म्हणजे वेळ लागेल."

"लागेल."

तिने मान हलवली आणि पायाने हत्यारांची पेटी त्यांच्याकडे सरकवली. "मग बसा की. उभे किती वेळ राहणार?"

लिफ्टवाले पेटीवर बसले. पुलावर गाडी आली, आणि बायको डबे मोजायला लागली.